न वाचता केलेल्या सह्या

सोमवार, ५ जानेवारी

सूनबाईनं दवाखान्यातून औषध कंपनीची डायरी आणली, ती माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणली, "आबा, ही तुमाला." सूनबाई इथंच सोनपेठला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. डायरीचं कारण असं की नात राजनंदिनी ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत चौथीत आहे, आणि शाळेनं जानेवारी हा वाचनाचा महिना धरलाय. रोज संध्याकाळी टीव्ही बंद. घरातल्या मोठ्या माणसानं पोरासंगट वीस मिनिटं वाचायचं आणि कार्डावर सही करायची. वर सिस्टरनं चिठ्ठीत लिहिलंय की मोठ्यांनी पण रोज चार ओळी लिहाव्यात, पोरं बघून शिकतात. पोरगी आमी शाळेत घातली होती, आता शाळाच आमच्या घरात आली.

लिहायचं मला नवं नाही. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली एकोणीस इथल्या स्टँडावर कंट्रोलर म्हणून. कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सोडली, उशीर का झाला, सगळी नोंद माझ्या हातची. आणि एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवतो: दिनकररावानं न वाचता कशावर सही केली नाही. तात्याराव ड्रायव्हर एकदा कागद पुढं सरकवून म्हणला, "मारा सही साहेब, पाशिंजर बोंबलायलेत." मी गाडी उभी ठेवली, कागद वाचला, त्यातली चूक दाखवली आणि मग सही केली. तवापासून तो माझा दोस्त आहे.

मुलगा राम चाकणला कंपनीत असतो. म्हणजे कार्डाची जिम्मेदारी माझ्यावर.

मंगळवार, ६ जानेवारी

वेळ ७.०५ ते ७.२५. पुस्तक 'म्हशीला हवी छत्री', शाळेच्या कपाटातलं.

छपाई अत्यंत खराब. शाई फिकी, अक्षरं मुंगीएवढी. लेकराच्या पुस्तकाला एवढं बारीक अक्षर कुणी लावतं का? त्यात आमच्या बैठकीतला बल्ब मेला पिवळा. सूनबाईला सांगितलं, उद्या नवा आण. कस्तुराबाई आतून भाकरी थापता थापता म्हणली, "नाचता येईना, अंगण वाकडं." एक्केचाळीस वर्षं संसार केला, तरी आमच्या या मंडळीला कुठं काय बोलावं ते अजून उमजलं नाही.

शेवटी नंदिनीला म्हणलो, "कंट्रोलर कधी गाडी चालवतो का? तू वाच, मी नुसती गाडी सोडतो." पोरगी हसली आणि वाचाय लागली. ठणठणीत वाचती. गोष्ट मात्र फालतू. पावसात सगळ्या जनावरांकडं छत्र्या, मग म्हशीलाही पाहिजे. म्हशीला पावसात भिजायला आवडतं एवढं तरी लिहिणाऱ्यानं कुणाला विचारायचं होतं.

सही केली. कुठं करायची ते नंदिनी बोट ठेवून दाखवती. शिस्तीची आहे.

शनिवार, १० जानेवारी

नवा बल्ब बसवला. उपयोग शून्य, हल्ली मालच तसा येतो.

आज मी चित्रं बघत पानं उलटत होतो. सशाच्या हातातली छत्री एकदम हत्तीच्या सोंडेत गेली. मधली पानं छापलीच नाहीत. नंदिनीला म्हणलो, "सिस्टरला सांग, पुस्तक अर्धवट छापलंय." ती म्हणली, "हो आबा." मग पुस्तक माझ्या हातातून घेऊन तिनंच पुढं वाचलं.

सही घ्यायच्या आधी ती कार्डावर बराच वेळ लिहीत बसती. "काय लिहायलीस गं एवढं?" म्हणलं तर म्हणली, "शेरा." बरं वाटलं. शेऱ्याचा रकाना कोरा सोडणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. तिनं बोट ठेवलं, मी सही ठोकली.

सोमवार, १२ जानेवारी

लिहू का नको असं झालंय. पण नोंद म्हणजे नोंद.

गंगाखेडला पाहुण्यांकडं जायचं होतं. स्टँडावर गेलो, गाडी लागलेली होती, बसलो. कंडक्टर जवळ आला आणि म्हणला, "साहेब, पाथरीला काय काम काढलं?" मी पाथरीच्या गाडीत बसलो होतो. आता या नव्या गाड्यांना ती लाल दिव्यांची पाटी असती, पळती अक्षरं. पाटी कशी पाहिजे? पत्र्याची, ठाशीव, रंगानं लिहिलेली. मी कंट्रोलरच्या खुर्चीतून गाडी वळणावर असतानाच पाटी वाचायचो आणि माईकवर नाव पुकारायचो. ही पळती पाटी कुणाला वाचता यावी?

चहाच्या टपरीवर तात्याराव बसला होता. त्यानं मला उतरताना बघितलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलाय, तवापासून तो टपरीवर सगळ्यांना पेपर वाचून दाखवतो, कुणी सांगितलं नसताना. म्हणला, "दिनकरराव, डोळे दाखवून घ्या." मी म्हणलो, "ड्रायव्हरचे डोळे उन्हानं जातात. कंट्रोलर सावलीत बसतो." तो हसला नाही, हेच मला आवडलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

शाळेत पालकसभा. ही पण आली, सोबत गल्लीतल्या चौघी. संक्रांतीचं हळदीकुंकू सुरूच आहे, म्हणून तबक घेऊनच निघाल्या.

शाळेच्या अंगणात मेरीमातेची मूर्ती आहे, कडेवर लेकरू. आमची कस्तुराबाई तिच्यापुढं उभी राहिली, हळद-कुंकू वाहिलं आणि वाण म्हणून तिच्या पायाशी चहाची गाळणी ठेवली. वर तिळगूळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या, सिस्टर फिलोमिना. मी माफी मागायला दोन शब्द इंग्रजीत जुळवायलो होतो, तर त्या कस्तुराबाईला म्हणल्या, "लय छान केलं आजी. लेकुरवाळी हाय, तिला वाण द्यायलाच पाहिजे." सिस्टर वैजापूरकडच्या निघाल्या, शेतकऱ्याची लेक. तिळगूळ त्यांनी तिथंच पोरांत वाटला, गाळणी मात्र मूर्तीपाशीच राहू दिली.

मग सभेत सांगितलं की ३१ तारखेला शनिवारी वाचनाचा सण. त्या दिवशी त्यांच्या एका संताचाही सण असतो, पोरांचा कैवारी म्हणतात त्याला. प्रत्येक वर्गात घरची माणसं येऊन सगळ्या पोरांना गोष्ट वाचून दाखवणार. नावं पोरांनीच दिलीत. चौथीत कुणाची आई, कुणाचा मामा, पिंकी म्हणून एक आहे तिचा शिंपीकाम करणारा बाप. आणि शेवटचं नाव, राजनंदिनीचे आबा.

टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला, ऐटीत. खाली बसलो आणि बोटांवर दिवस मोजले. पंधरा.

मंगळवार, २० जानेवारी

खरं लिहितो. ही डायरी कुणी वाचणार नाही.

दुपारी घरात कुणी नसताना पुस्तक घेऊन अंगणात भर उन्हात बसलो. बल्बचा प्रश्न नाही, शाईचा नाही. दोन-दोन चष्मे लावून बघितले. अक्षरं दुधात पडल्यासारखी दिसतात. 'म्हशीला' वाचलं ते मला पाठ आहे म्हणून. पुढची ओळ नाही वाचता आली. ह्या ओळी पण मी अंदाजानं लिहायलोय.

सूनबाई ड्युटीवरून आली, तिनं मला तसं बसलेलं पाहिलं. शांतपणे म्हणली, "आबा, मोतीबिंदू हाय. वीस मिनिटाचं काम असतं आता. मी संग येते." मी तिच्यावर आवाज चढवला. म्हणलो, नर्स दवाखान्यात, घरात नाही. मग नंदिनी पुस्तक घेऊन आली तर तिच्यावर पण ओरडलो. "आज वाचन रद्द," म्हणलो. ती गेली नाही. बाजूला बसून तिनं मनातल्या मनात वाचलं, शेरा लिहिला आणि बोट ठेवलं. मी सही केली.

वडलांचे डोळे मी सात वर्षांचा असताना गेले. डोळ्यांचं शिबिर होतं, पट्टी बांधून घरी आले, पट्टी सुटली तरी उजेड आला नाही. पुढं वीस वर्षं मी त्यांना हाताला धरून फिरवलं. हे मी सूनबाईला सांगितलं नाही, तात्यारावला नाही, हिलाही कधी नीट सांगितलं नाही. मला भ्या वाटतं. झालं लिहून.

गुरुवार, २२ जानेवारी

ठरवलं. ३१ तारखेला मला ताप येईल. ३० च्या संध्याकाळपासूनच कणकण सुरू करायची. एकतीस वर्षांत खोटी रजा घेतली नाही, पण रिटायर माणसाला काय नियम?

कस्तुराबाईला हळूच सांगितलं. ती म्हणली, "ताप येणार ते आठ दिवस आधी कळाय लागलं का तुमाला?"

शनिवार, २४ जानेवारी

घरात काहीतरी चाललंय. भिंतीवरचं पतसंस्थेचं मागच्या सालचं कॅलेंडर गायब. ते मोठं, जाड कागदाचं, मागून कोरं. शेजारच्यांचं पण गायब. नंदिनीची बोटं काळी, गालाला काळं, फ्रॉकला काळं. विचारलं तर म्हणली, "शाळेचं काम हाय." परीक्षा तोंडावर आली आणि ही पोर चित्रं रंगवत बसली. मी बोललो, तर कस्तुराबाई मधी पडली, "करू द्या तिला." दुपारी तात्याराव आला, बगलेत आणखी चार कॅलेंडरं. माझ्याशी नाही, सरळ नंदिनीशी बोलला आणि गेला. माझा दोस्त, माझ्या घरात, आणि मला साधा रामराम नाही.

वाचन ७ ते ७.२०. तिनं वाचलं. सही केली.

बुधवार, २८ जानेवारी

तापाचं सोंग पोरीपुढं जमायचं नाही. म्हणून आज सरळ शाळेत गेलो. सिस्टरांना म्हणलो, "माझं नाव काढा. जरा अडचण आहे." त्या वह्या तपासायल्या होत्या. पेन खाली ठेवून म्हणल्या, "आजोबा, तुमी कंट्रोलर होता. गाडी रद्द झाली तर पाशिंजरला काय सांगायचं असतं?"

मी म्हणलो, "कारण."

"मग नंदिनीला कारण सांगा. तिनं मान्य केलं की मी नाव काढते."

घरी येईपर्यंत कारण जुळवत होतो. नंदिनी ओसरीवर बसून काळ्या बोटांनी शेंगा फोडायली होती. दाणे माझ्या हातावर ठेवून म्हणली, "आबा, शनवारी तुमी पांढरं धोतर घाला. आन् टोपी." मी दाणे तोंडात टाकले आणि आत जाऊन धोतर काढून ठेवलं.

रविवार, १ फेब्रुवारी

काल लिहायची ताकद नव्हती. आज सगळं लिहितो.

धोतर घातलं, टोपी घातली. मनात ठरवलं होतं की पुस्तक नुसतं हातात धरायचं आणि ऐकून जेवढं ध्यानात आहे तेवढं रेटायचं. अडलो तर खोकायचं. सूनबाई ड्युटी बदलून आली. शाळेत जत्रा लागल्यासारखी गर्दी. मेरीमातेला झेंडूचा हार, गाळणी अजून तिथंच. प्रार्थना झाली आणि सगळे वर्गावर्गांत गेलो.

चौथीत चाळीस पोरं खाली सतरंजीवर. पिंकीच्या बापानं घामाघूम होत एक पानभर वाचलं, पण पिंकीनं टाळ्या अशा वाजवल्या की बास. मग माझं नाव. खुर्चीत बसलो, पुस्तक उघडलं. पांढरं पान, बाकी काही नाही. आणि ऐकलेली गोष्ट, इतक्या दिवसांची, सगळी डोक्यातून साफ. कुणीतरी शिंकलं.

तेवढ्यात मागच्या भिंतीशी हालचाल झाली. नंदिनी बाकावर चढली. शेजारी तात्याराव, हातात कागदांचा गठ्ठा. एका बाजूनं कस्तुराबाईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं नंदिनीनं, आणि कागद उलगडला. कॅलेंडरची कोरी पाठ. त्यावर वीतभर उंच, काळीभोर, ठाशीव अक्षरं. गाडीची पाटी असती तशी. चारी बाजूंनी चौकट सुद्धा काढली होती.

म्हशीला हवी छत्री.

मी वाचलं. दुरून वाचलं. आवाज आपोआप स्टँडवरचा लागला. "कृपया इकडे लक्ष द्या. म्हशीला हवी छत्री. म्हशीला हवी छत्री." सवय आहे, प्रत्येक नाव दोनदा पुकारायची. पोरं खो-खो हसली, त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. दुसरी पाटी आली. तीही दोनदा. तिसऱ्या पाटीपासून दुसऱ्या वेळेला अख्खा वर्ग माझ्याबरोबर ओरडाय लागला. शेजारच्या वर्गातले लोक दारात येऊन उभे राहिले.

मला सगळं उमगायला चार-पाच पाट्या लागल्या. कॅलेंडरं, काळी बोटं, तात्यारावची कॅलेंडरं, सिस्टरांचं ते बोलणं. मी एकटाच समजत होतो की कुणाला माहीत नाही. झाकलेलं सगळं उघडंच होतं. लाज वाटायला पाहिजे होती, पण वाचायच्या नादात राहून गेलं.

एकोणिसावी पाटी होती: 'म्हैस म्हणाली, मी मोठी आहे म्हणून मला कुणी धरत नाही का?' ती एकदाच वाचली. दुसऱ्या वेळी पोरांनीच म्हणली. नंदिनीनं पाटी खाली केली नाही, माझ्याकडं बघत तशीच धरून ठेवली. हात भरून आले असतील तिचे.

शेवटाला सगळी जनावरं आपापल्या छत्र्या जोडून म्हशीवर धरतात. म्हैस तरी भिजतीच. पण एकटी भिजत नाही. गोष्ट फालतू आहे असं मी ६ तारखेला लिहिलं होतं, ते मागं घेतो.

बाहेर आल्यावर सूनबाईला म्हणलो, "तारीख घे." आणि तिथंच अंगणात, मेरीमातेपुढं, वडलांची गोष्ट तिला सांगितली. ती मग म्हणली, "आबा, मी आत तुमच्या उशाशी उभी राहीन. हात सोडणार न्हाई." मी तिला नर्स घरात नाही म्हणलो होतो, ते पण मागं घेतो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज आबांचं परभणीला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आबा सांगायलेत आणि मी लिहायले. आबा म्हणतात, गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. आबा रडले न्हाईत. आबा म्हणतात हे लिहू नको. आजी म्हणती लिही. आईनं हात धरला होता. उद्या पट्टी काढणार हायेत.

— राजनंदिनी

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

उजेड आहे.

रविवार, १५ मार्च

काल जवळचा नवा चष्मा आला. पहिल्यांदा ही डायरी काढली. माझंच अक्षर बघून हसाय आलं. ओळीवर ओळ चढलीय, २० जानेवारीची नोंद तर अर्धी पानाबाहेर सतरंजीवर गेली असणार. कस्तुराबाईच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या, हेही मला माहीत नव्हतं. तिला म्हणलं तसं, तर म्हणली, "तुमीच पाडल्यात." बल्ब चांगला आहे.

सकाळी नंदिनी जानेवारीचं वाचनाचं कार्ड घेऊन आली. उद्या शाळेत द्यायचंय. "आबा, एकतीस तारखेची सही राह्यली." तिनं सवयीनं बोट ठेवलं. मी म्हणलो, "थांब. आता मला दिसतंय." कार्ड घेतलं आणि वरून वाचाय लागलो. ती दोन पावलं मागं सरकली, मग आत पळाली.

शेऱ्याच्या रकान्यात तिचं निळं अक्षर, त्याखाली सिस्टरांचं लाल. आणि प्रत्येक ओळीपुढं माझी सही, भरदार.

६ जानेवारी. 'आबांना बारीक दिसत न्हाई. मी वाचलं. त्यांना सांगू नका.' खाली लाल: 'नाही सांगत.' पुढं माझी सही.

१० जानेवारी. 'दोन पानं चिकटली होती. आबा म्हणले छपाई चुकली. मी हो म्हणलं. खोटं बोलल्याचं पाप लागतं का?' लाल: 'एवढ्याचं नाही लागत.' माझी सही.

२० जानेवारी. 'आबा आज ओरडले. ते रागावले न्हाईत, ते भ्यालेत. त्यांना गाडीची पाटी लांबून वाचता यायची, तात्याराव आजोबांनी सांगितलं. तेवढी अक्षरं काढू का?' लाल: 'काढ. कागद कमी पडले तर मला सांग.' माझी सही.

२८ जानेवारी. 'आबा आज काहीतरी सांगणार होते. मी शेंगा दिल्या. त्यांनी सांगितलं न्हाई.' लाल: 'बरं झालं.' माझी सही.

३० तारखेपर्यंतची एकही सही सोडली नव्हती. एकतीस वर्षं न वाचता सही केली नाही म्हणून मिरवलो, आणि जन्मात जे वाचायचं होतं त्यावरच डोळे झाकून सह्या करत गेलो. दोनदा वाचलं सगळं, सवयीप्रमाणं. चष्मा काढून पुसावा लागला. डॉक्टरनं डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका म्हणून सांगितलंय, पण ते बाहेरच्या पाण्याचं असावं.

शेवटची ओळ, ३१ जानेवारी. शेरा कोरा. नंदिनीला हाक मारली. ती दाराआडून बघत होती. म्हणलो, "ये. ह्याच्यात मी लिहितो." ती माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली, बोट ठेवलं नाही.

मी लिहिलं, 'वाचून सही केली.' आणि सही केली.